पुतणीचा ताळेबंद

आपल्या मंडळाच्या गुणगौरव सोहळ्याची एक ठरलेली पद्धत आहे. निकाल लागले की घराघरांतून नावे मागविली जातात. विद्यार्थ्याचे नाव, परीक्षा, श्रेणी, मिळालेली नोकरी आणि पुढचा बेत एवढा मजकूर चार ओळींत पाठवावयाचा. मग श्रीफळ, पेन आणि टाळ्या. पद्धत चांगलीच आहे. पाच-सहा पिढ्या परमुलखात काढलेल्या समाजास आपली मुले सध्या काय करीत आहेत, हे कळण्याच्या जागा आता फार थोड्या उरल्या आहेत. यंदा त्या यादीत आमच्या धाकट्या बंधूंच्या मुलीचे नाव जाईल. महाराजा सयाजीराव विद्यापीठातून ती एम.कॉम. झाली, विषय वित्त, वर्ग पहिला. सुवर्णपदक मिळाले नाही. चार ओळींत तिची श्रेणी बसते, पगाराचा आकडाही बसतो. तिने ह्या पाच वर्षांत जे काम उभे केले ते मात्र बसत नाही, आणि ते आपल्या वाचकांस उपयोगाचे आहे. म्हणून संपादकांच्या परवानगीने आम्ही ही जागा थोडी अधिक घेत आहोत.

पैशाचा हिशेब ठेवणे हा आपल्यापैकी अनेक घराण्यांचा बडोद्यातील जुना उद्योग. आमचे पणजोबा सातारा प्रांतातून आले ते फडणिशीत कारकून म्हणून. त्यांच्या हातची मोडी लिपीतील काही पाने अजून आमच्याकडे आहेत. त्यांत बाबाशाही रुपयांचे आकडे आहेत. पुढे संस्थानाने ब्रिटिश रुपया स्वीकारला, बाबाशाही गेली. १ मे १९४९ रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. १ मे १९६० रोजी गुजरात राज्य झाले. राज्ये बदलली, तरी आमच्या घरातील माणसांच्या हातची वही सुटली नाही. आम्ही स्वतः गुजरात राज्याच्या सेवेत हिशेब आणि तिजोरीच्या खात्यात नोकरी करून निवृत्त झालो. दिवाळीत शेजारचे गुजराती व्यापारी चोपडापूजन करीत, तेव्हा आमच्या आईही घरखर्चाची वही देवापुढे ठेवीत. वहीवर हळदकुंकू आणि पहिल्या पानावर ‘श्री’; त्या वहीत दुधाच्या पैशापासून लग्नाच्या आहेरापर्यंत सर्व लिहिलेले असे.

बडोदे शहराचे आणि वित्तशास्त्राचे नाते तर त्याहून मोठे आहे. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १९०६ साली सबंध संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले, त्याची सुरुवात १८९३ साली अमरेली भागातून झालेली होती. १९०८ साली त्यांच्याच प्रेरणेने बँक ऑफ बडोदा स्थापन झाली; १९६९ साली तिचे राष्ट्रीयीकरण झाले आणि १ एप्रिल २०१९ रोजी विजया व देना ह्या दोन बँका तिच्यात विलीन झाल्या. आणि ह्याच संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले. ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेच्या वाढीवरील त्यांचा ग्रंथ १९२५ साली प्रसिद्ध झाला, तो त्यांनी सयाजीराव महाराजांना अर्पण केला आहे. ह्या शहराने बाहेर पाठविलेला वित्तशास्त्राचा सर्वांत थोर विद्यार्थी तो. मात्र तोच विद्यार्थी १९१७ साली नोकरीसाठी, तोही हिशेब खात्यात, येथे परतला तेव्हा जातीमुळे त्यास राहावयास घर मिळाले नाही. पारशी धर्मशाळेतूनही त्यांस बाहेर काढण्यात आले आणि काही दिवसांतच ते मुंबईस परतले. शिक्षणाचा खर्च दरबाराने केला. शिकून आलेल्या माणसास छप्पर देणे शहरातील लोकांच्या हाती होते, आणि ते दिले गेले नाही. बडोद्याचा अभिमान सांगताना जमेच्या बाजूबरोबर ही नावेची बाजूही लिहिली पाहिजे.

आता आमच्या पुतणीकडे येतो.

एप्रिल २०२१ मध्ये, करोनाच्या दुसऱ्या लाटेत, आमचे धाकटे बंधू गेले. वय बावन्न. नऊ दिवसांचे दुखणे. मुलगी तेव्हा बारावीत होती; त्या वर्षी परीक्षाच रद्द झाली. दांडिया बाजारातील घरात आमच्या भावजय आणि ही मुलगी, दोघीच उरल्या. दिवस झाल्यावर कपाट उघडले तर कागदांचे चार गठ्ठे निघाले. बंधू व्यवहाराला चोख, पण सर्व व्यवहार त्यांच्या डोक्यात. तीन बँकांत खाती, त्यांपैकी दोन खात्यांवर नामनिर्देशन नाही. एक विमा होता; त्यावर वारस म्हणून आमच्या आईंचे नाव, आणि आई जाऊन अकरा वर्षे झालेली. काही शेअर्स कागदी स्वरूपात, काही संगणकी खात्यात, आणि त्या खात्याचा परवलीचा शब्द कोणासही ठाऊक नाही. भावजयींनी तोवर एकदाही चेकवर सही केलेली नव्हती.

पुढचे चौदा महिने त्या दोघींचे कसे गेले हे आम्ही जवळून पाहिले. मृत्यूचा दाखला, पेढीनामा, वारसांची प्रतिज्ञापत्रे, हमीपत्र, दोन जामीन, पुन्हा नवा अर्ज. एका बँकेत तीन वेळा कागद बदलून मागितले गेले आणि प्रत्येक वेळी खिडकीवरचा माणूस निराळा होता. आम्ही बरोबर जात होतो, सरकारी भाषा आम्हांस येत होती. तरी कधीकधी तास-तास बसावे लागे. त्या बसण्यात मुलीने एक वही केली. डाव्या पानावर काय मागितले, कोणी, कोणत्या तारखेस. उजव्या पानावर काय दिले, पोच मिळाली की नाही. सतरा वर्षांच्या मुलीने केलेली ती नोंदवही आम्ही पाहिली तेव्हा तिजोरीतील आमच्या उमेदीच्या काळातील चांगल्या कारकुनांची आठवण झाली. एके दिवशी बँकेच्या बाकावर बसल्या बसल्या ती म्हणाली, “मोठे काका, पैसे आहेत, ते बाबांचे आहेत हेही सगळ्यांना माहीत आहे. मग अडतंय कुठे?”

आम्ही सांगितले, “पैसा कुणाचा हे माहीत असणे निराळे आणि कागदावर सिद्ध होणे निराळे.”

तिने ते वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवले. त्याच वर्षी तिने वाणिज्य शाखेत प्रवेश घेतला. तोवर तिचा विचार औषधनिर्माणशास्त्राचा होता.

पदवीच्या तिसऱ्या वर्षी ती असताना, १७ ऑगस्ट २०२३ रोजी, रिझर्व्ह बँकेने ‘उद्गम’ नावाचे संकेतस्थळ सुरू केले. त्याचे प्रयोजन थोडक्यात असे. बँकेतील ज्या खात्यात दहा वर्षे काही व्यवहार होत नाही, किंवा जी ठेव मुदत संपल्यावर दहा वर्षे कोणी मागत नाही, ती रक्कम बँकेने रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण व जागृती निधीत भरावयाची असते. हा निधी २०१४ सालापासून आहे. एकट्या सरकारी बँकांनी फेब्रुवारी २०२३ पर्यंत अशी सुमारे ३५,०१२ कोटी रुपयांची रक्कम त्यात भरली असल्याचे संसदेत सांगण्यात आले होते. रक्कम निधीत गेली म्हणून ठेवीदाराचा हक्क बुडत नाही. तो किंवा त्याचे वारस केव्हाही त्याच बँकेकडे मागणी करू शकतात. पण कोणत्या बँकेत मागावयाचे हेच पुष्कळांस ठाऊक नसते. ‘उद्गम’वर नाव आणि एखादी ओळख दिली की अनेक बँकांतील नोंदी एकाच ठिकाणी शोधता येतात. आरंभी त्यात सात बँका होत्या; मार्च २०२४ पर्यंत तीस झाल्या.

बातमी वाचून पुतणी वर्गशिक्षिकांकडे गेली आणि म्हणाली की आपल्या वर्गातील मुलांनी शनिवारी सकाळी जुन्या वस्तीतील वृद्धांच्या घरी जाऊन हा शोध करून द्यावा. विद्यार्थी-पुढारीपण म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे निवडणूक, फलक आणि घोषणा येतात. हिने निवडणूक कधी लढविली नाही. सुरुवातीस सहा मुले मिळाली: तीन गुजराती, दोन मराठी आणि एक मुस्लिम मुलगा, ज्याच्या आजोबांचे मांडवीजवळ दुकान आहे. दुसऱ्या वर्षी ती चोवीस झाली. शिक्षिकाबाईंनी परवानगी दिली ती एका अटीवर: नियम आधी लिहून काढा.

ते नियम आम्ही येथे मुद्दाम देतो. कोणत्याही घरी दोघांनी मिळून जावयाचे, एकट्याने नाही. परवलीचा शब्द किंवा मोबाइलवर येणारा अंक विचारावयाचा नाही, आणि वृद्धाने आपण होऊन सांगितला तरी कानावर घ्यावयाचा नाही. यंत्र त्यांच्याच हाती द्यावयाचे. पैसे कोठे गुंतवावे ह्याचा सल्ला द्यावयाचा नाही. चहापलीकडे काही घ्यावयाचे नाही. आणि घरातून निघताना आपण काय पाहिले त्याची एक प्रत त्या घरीच ठेवावयाची. शेवटचा नियम आमच्या सूचनेवरून आला, हे सांगण्याचा मोह आवरत नाही.

रावपुऱ्यातील एका वाड्यात एक आजी आहेत. यजमान जाऊन वीस वर्षे झाली. शोधात त्यांच्या नावाची १९९८ सालची एक मुदतठेव निघाली. रक्कम मोठी नव्हती. बँकेने मूळ पावती परत मागितली, तेव्हा आजी पावती हातातून सोडीनात. पैसे नकोत, म्हणाल्या. तिच्यावर यजमानांची सही होती. मुलींनी बँकेतून येऊन-जाऊन पावतीची रंगीत प्रत काढून आणली, आजींनी दोन्ही कागद शेजारी धरून पाहिले आणि मग मूळ पावती दिली. आलेल्या पैशांतून त्यांनी स्वतःच्या कानांसाठी यंत्र घेतले. आता त्यांच्याशी बोलावयास गेले तर ओरडावे लागत नाही.

सर्वच घरी असे झाले नाही. एका घरी आईच्या नावे ठेव निघाली आणि मुलास राग आला. आईस हे सांगावयाची गरज काय होती, ह्या मुलींना घरात कोणी बोलाविले, अशी लेखी तक्रार त्याने महाविद्यालयाकडे केली. प्रकरण आठ दिवस चालले. गटातील चौघे घरच्यांच्या सांगण्यावरून बाहेर पडले. आमच्या भावजय घाबरल्या, आम्हांस म्हणाल्या, “भाऊजी, तुम्ही तिला समजावा. बाप नाही डोक्यावर, लोकांशी वैर कशाला?” आम्ही समजाविले नाही, काय होते ते पाहावे असे ठरविले. पुतणीने चौकशीपुढे आपली नोंदवही ठेवली. त्या दिवशी कोण गेले, किती वाजता गेले, आजींनी स्वतः नाव कसे सांगितले, निघताना कोणती प्रत दिली, सर्व तारीखवार. तक्रार निकालात निघाली. त्यानंतर तिने नियमांत एक भर घातली: खाते ज्याच्या नावाचे, त्याने सांगितलेली माणसेच त्या वेळी समोर असतील, मुलगा असो, सून असो की जावई. बाहेर गेलेल्या चौघांपैकी तिघे महिन्याभरात परत आले.

ह्या कामातून तिला जे शिक्षण मिळाले ते पाठ्यपुस्तकाला धरूनच होते. नामनिर्देशित व्यक्ती म्हणजे मालक नव्हे. बँकेकडून रक्कम स्वीकारणारा तो विश्वस्त, आणि खरा हक्क वारसा कायद्याने किंवा मृत्युपत्राने ठरतो, हे आपल्यातील कितीतरी सुशिक्षितांस ठाऊक नाही. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँकेतील ठेवीवर चार व्यक्तींपर्यंत नामनिर्देशन करता येते आणि प्रत्येकाचा हिस्साही लिहिता येतो. बँक बुडाल्यास ठेवीचे जे विमा-संरक्षण असते ते एका बँकेत एका ठेवीदारास व्याजासह पाच लाख रुपयांपर्यंत आहे. ही मर्यादा ४ फेब्रुवारी २०२० पासूनची, तत्पूर्वी १९९३ पासून ती एक लाख होती. निवृत्तीची सगळी रक्कम अर्धा टक्का अधिक व्याजासाठी एकाच लहान बँकेत ठेवणाऱ्यांस हा आकडा ती आवर्जून सांगते. सल्ला देत नाही; आकडा सांगते. ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्र सरकारनेही बेवारस ठेवी मालकांपर्यंत पोहोचविण्याची मोहीम सुरू केली, तीही आपल्या गांधीनगरहून. तोवर ह्या मुलांच्या शनिवारांना दोन वर्षे होत आली होती.

आता पुढचा बेत. येथे आमचे आणि तिचे एकमत नाही.

तिला गांधीनगरजवळील गिफ्ट सिटीतील एका परदेशी वित्तसंस्थेत नोकरी मिळाली आहे. आपल्यातील जुन्या वाचकांसाठी सांगतो: गिफ्ट सिटीत आंतरराष्ट्रीय वित्तीय सेवा केंद्र आहे, तेथे व्यवहार मुख्यत्वे परकी चलनात होतात आणि २०२० साली स्थापन झालेले एक स्वतंत्र प्राधिकरण त्यांचे नियमन करते. सिंगापुरात चालणारे निफ्टीचे सौदे जुलै २०२३ पासून तेथे आले आहेत. पुतणीचे काम गुंतवणूकदारांची ओळख तपासण्याचे. एखाद्या कंपनीच्या नावे पैसा येतो. त्या कंपनीची मालक दुसरी कंपनी, तिची मालक तिसरी. ह्या साखळीच्या टोकाशी खरा लाभधारक कोण, हे कागदावर सिद्ध झाल्याखेरीज पैसा आत घ्यावयाचा नाही.

आमचे म्हणणे असे की तिने रिझर्व्ह बँकेच्या अधिकारीपदाची परीक्षा द्यावी. तिची बुद्धी आणि तिची वही दोन्ही तेथे शोभतील. परदेशी संस्था आज आहे, उद्या आपले दुकान दुबईस हलवील. सरकारी नोकरीत माणूस रात्री शांत झोपतो. शिवाय आई येथे एकटी. आमच्या भावजयींचे म्हणणे निराळे. त्यांना घर विकावयाचे नाही आणि मुलीस अडवावयाचेही नाही. नातेवाइकांपैकी दोघांनी घराचे गिऱ्हाईकही आणून दाखविले.

पुतणीने आमचे सर्व ऐकून घेतले. मग म्हणाली, “मोठे काका, तुमच्या तिजोरीत पैसा सरकारचा, हे तुम्हांला कामाला लागण्यापूर्वीच ठाऊक होतं. मला जिथे पैसा कुणाचा हेच शोधावं लागतं ते काम आधी करायचंय. तीन वर्षं करते. तिशीपर्यंत तुमची ती परीक्षा देता येते.” तिशीची मर्यादा तिने पाहून ठेवलेली होती. आम्ही अजूनही आमच्या मतावर आहोत आणि ती तिच्या. जुलैत ती रुजू होईल. आठवड्यास घरी येईल असे म्हणते. पहिले सहा महिने येईल, पुढचे पाहू, असे आम्ही भावजयींस सांगून ठेवले आहे.

तिच्या आईविषयी लिहिले नाही तर हा हिशेब अपुरा राहील. ज्या बाईंनी बावीस वर्षांच्या संसारात चेकवर सही केली नव्हती, त्या आता आपले पासबुक स्वतः भरून आणतात. घरपट्टी स्वतः भरतात. गिऱ्हाईक घेऊन आलेल्या नातेवाइकांस त्यांनी विचारले, “घर माझ्या एकटीच्या नावावर आहे की मुलीच्याही, हे तुम्ही पाहिलंत का?” ते निरुत्तर झाले. घराच्या उताऱ्याची प्रत त्यांच्या हातातच होती. मुलगी दूर जाते आहे ह्याचे दुःख त्यांना नाही असे नाही. संध्याकाळी ओट्यावर बसल्या की त्या फारशा बोलत नाहीत. पण मुलगी गेल्यावर कागदपत्रांपुढे असहाय बसावे लागेल अशी भीती आता त्यांच्या मनात नाही. पाच वर्षांपूर्वी सर्वांत मोठी भीती तीच होती.

गटाचे काय, असा प्रश्न आम्ही तिला विचारला होता. आमच्या नोकरीत बदली झाली की कार्यभार सोपविण्याचे एक पत्रक भरावे लागे: कोणत्या चाव्या, कोणते दप्तर, कोणती प्रकरणे अपुरी, शिल्लक किती. त्याचा नमुना आम्ही तिला लिहून दिला. गेल्या महिन्यात तिने तो भरून द्वितीय वर्षाच्या तीन विद्यार्थ्यांच्या स्वाधीन केला. नोंदवह्या चार, अपुरी प्रकरणे सतरा, शिल्लक रक्कम शून्य, कारण त्यांनी कधी पैसा गोळाच केला नाही. खाली देणाराची आणि घेणारांची सही. आम्ही आयुष्यात अशी पत्रके पुष्कळ पाहिली. बहुतेकांत अपुरी प्रकरणे लपविलेली असत. ह्या पत्रकात ती सर्वांत वर लिहिली आहेत, आणि प्रत्येकापुढे वृद्धांचे वयही आहे, म्हणजे कोणाकडे आधी जावयाचे ते कळावे.

आपल्या वाचकांपैकी बहुतेकजण आमच्या वयाचे किंवा आमच्याहून वडील आहेत. त्यांस एवढीच विनंती की येत्या दिवाळीच्या आत एक कागद करावा. कोणत्या बँकेत खाते, कोणत्या शाखेत लॉकर, विमा कोणता, शेअर्स कोठे, नामनिर्देशन कोणाचे आणि ती व्यक्ती आज हयात आहे की नाही. परवलीचे शब्द त्यावर लिहू नयेत. कागदाची एक प्रत जोडीदाराकडे द्यावी आणि तो कोठे ठेवला हे मुलांपैकी एकास सांगावे. बडोद्यात ज्यांना मदत हवी असेल त्यांच्याकडे शनिवारी सकाळी ती मुले येतात. चहा दिला तर घेतात.